मंदारला पत्र: टायर घेण्याआधी

घोडबंदर रोड, ठाणे
22 जून, रविवार

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "टायर कुठले घालू ते एका वाक्यात सांग." मला एका वाक्यात सांगता आलं नाही आणि तू जरा वैतागलास. आज सकाळपासून पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये, कुठे जायचंही नाहीये, म्हणून सगळं सविस्तर लिहायला बसलो. तुझ्या व्हर्टसचं आणि माझ्या ऑक्टाव्हियाचं टायरचं माप एकच आहे, 205/55 आर16 (रुंदी 205 मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या 55 टक्के, रिम 16 इंची), त्यामुळे मी जे अनुभवलं ते तुला जसंच्या तसं लागू पडेल.

आधी मागच्या जुलैमधली गोष्ट सांगतो. तुला तेव्हा फक्त "थोडक्यात वाचलो" एवढंच बोललो होतो. सकाळी सातच्या सुमाराला आम्ही तिघं वसईला निघालो होतो. गायमुखच्या उतारावर पाऊस होता, वेग पन्नास-साठच्या मध्ये. समोरचा टेम्पो अचानक थांबला, कारण त्याच्या पुढे एक ट्रक बंद पडला होता. मी ब्रेक पूर्ण दाबला. पायाखाली एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, धडधडायला लागली आणि गाडी पुढे जातच राहिली. त्या दोन-तीन सेकंदांत काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. टेम्पोच्या मागच्या फळीपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. मागे ईरा झोपली होती, तिला कळलंही नाही. प्राजक्ताने माझ्याकडे पाहिलं, पण एक शब्द बोलली नाही.

घरी येऊन टायरच्या खाचा मोजल्या. 3 मिलिमीटर. कायद्याने 1.6 पर्यंत चालतात, म्हणजे कागदावर माझे टायर अजून बरेच शिल्लक होते. त्याच्या दोन महिने आधी चाकांच्या अलाइनमेंटला गेलो होतो तेव्हा "अजून वर्ष काढतील" असं ऐकून मी खूश होऊन परत आलो होतो. आणि त्याआधी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो की टायर कसे टिकाऊ मिळालेत, पन्नास हजार झाले तरी गोटा झालेले नाहीत. टिकतात म्हणजे रबर कडक आहे, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

त्या रात्री कागद घेऊन हिशेब मांडला. ताशी 60 च्या वेगात दोन गाड्या ओल्या रस्त्यावर एकाच जागी ब्रेक मारतात असं धर. एकीच्या टायरची पकड चांगली, घर्षणाचा गुणांक 0.7. दुसरीची 0.5. पहिली साधारण 20 मीटरमध्ये थांबते, दुसरीला 28 लागतात. आठ मीटर म्हणजे जवळपास दोन गाड्यांची लांबी. पण मला हादरवलं ते पुढच्या आकड्याने. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, त्याच जागेवरून दुसरी अजून ताशी 32 च्या वेगाने पुढे चाललेली असते. ताशी 32 ने टेम्पोवर आदळणं काय असतं, याचा विचार कर.

म्हणून, "स्पोर्टी टायर म्हणजे चैन, आपण काय रेस लावणार आहोत का," असं तू म्हणालास ना, तिथे मी तुझ्याशी सहमत नाही. मीही आधी हे टायर रविवारच्या घाटासाठीच असतात असं समजत होतो. आता वाटतं की त्यांचा खरा उपयोग मंगळवारी सकाळी, पावसात, तुर्भ्याच्या पुलावरून उतरताना पुढे कंटेनर उभा दिसतो तेव्हा होतो.

टायर रस्त्याला किती टेकतो माहीत आहे? आपल्या गाडीचं वजन साधारण साडेबाराशे किलो धर, म्हणजे एका चाकावर तीनशेच्या थोडं वर. हवा 33 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.3 किलो. भागाकार केलास की 130-135 चौरस सेंटिमीटर येतात. पोस्टाचं जुनं पोस्टकार्ड आठव, ते 14 बाय 9 होतं. तेवढीच जागा, किंचित जास्त. काकू, तू, गाडी, सगळं त्या चार पोस्टकार्डांवर उभं असतं.

आता त्या पोस्टकार्डाखालून पाणी बाहेर काढायचं काम खाचांचं. नव्या टायरच्या खाचा साधारण 8 मिलिमीटर खोल असतात. त्या झिजल्या की पाण्याला जायला वाट उरत नाही, टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. नासाच्या संशोधकांनी 1960 च्या दशकात विमानांच्या टायरांवर याचा अभ्यास केला होता. त्यातून निघालेलं सूत्र असं की टायर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. त्या हिशेबाने 33 पीएसआयला तो साधारण ताशी 95 येतो आणि हवा 25 वर आली की 83. विमानाचा आणि आपला टायर एक नाही, झिजलेला टायर याच्या आधीही तरंगू शकतो, पण हवा कमी असली की धोका लवकर येतो हे त्यातून स्पष्ट दिसतं. तू महिनोन् महिने हवा बघत नाहीस. पावसाळ्यात तरी दर पंधरवड्याला बघ, आणि टायर थंड असताना बघ. सायन-पनवेल हायवेने तासभर गाडी चालवून पंपावर गेलास तर आकडा दोन-तीनने जास्तच दिसेल आणि तू निश्चिंत होशील.

रबराचं सांगतो. पूर्वी टायर काळा होतो तो काजळीमुळे, म्हणजे कार्बन ब्लॅकमुळे, एवढंच मला माहीत होतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिनने त्या काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणावर सिलिका, म्हणजे वाळूपासून बनणारी बारीक पूड, वापरायला सुरुवात केली, मग बाकीच्यांनी. सिलिकामुळे टायर ओल्यात चांगला धरतो आणि तरीही इंधन फार खात नाही. आजचे चांगले टायर त्याच वाटेवरचे आहेत. फरक पडतो तो कुठली कंपनी किती मऊ रबर देते आणि नक्षी कशासाठी कापते यात. यात आपल्याला एक सोय आहे. युरोपात 7 अंशांखाली उन्हाळी टायर कडक होतात म्हणून हिवाळ्याचे वेगळे ठेवावे लागतात. आपल्या ठाण्या-खारघरला 7 अंश कुठून येणार? तेव्हा "ऑल सीझन" वगैरे शब्दांना भुलू नकोस. आपला सीझन एकच बघायचा, जून ते सप्टेंबर.

आता नावांकडे येतो. मी त्या प्रसंगानंतर मिशेलिनचे पायलट स्पोर्ट 4 घातले. हा खरा स्पोर्टी टायर. पहिल्याच दिवशी जाणवतं ते स्टिअरिंगमध्ये. आधी चाक वळवलं की गाडी क्षणभर विचार करून वळायची, आता हात हलला की नाक वळतं. पाम बीचवर सकाळी रिकाम्या रस्त्याला लेन बदलून बघ, लगेच कळेल. ओल्यात ब्रेक लावला की गाडी रस्ता पकडून बसते. ज्यांना हे टायर फक्त कोरड्या रस्त्यावरच्या मजेसाठी वाटतात त्यांनी पावसात चालवून बघावेत. आवाज मात्र थोडा आहे, काँक्रीटवर ऐकू येतो, आणि झिजतात लवकर. ते मी मान्य करून घेतलं आहे.

दादाच्या गाडीला कॉन्टिनेंटलचे अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी6 आहेत. ती गाडी मी डोंबिवलीहून कल्याण-शीळ रस्त्याने, आणि पुढे मुंब्रा बायपासने, भर पावसात आणली आहे. ब्रेकला मला मनापासून आवडली. वळणावर पायलट स्पोर्टइतकी तरतरीत नाही, बाजू थोडी लवते, पण खड्डा मऊ घेते. मिशेलिनचा प्रायमसी 4 एसटीही त्याच जातीचा, आरामाचा आणि शांत. झिजल्यावरही पाणी निघावं अशा खाचा ठेवण्यावर त्यात कंपनीने भर दिला आहे, आणि वर्ष-दीड वर्षानंतरच्या पावसाळ्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. स्पोर्टी आणि आरामाचा यांच्या मधलं काही हवं असेल तर कॉन्टिनेंटलचा मॅक्सकॉन्टॅक्ट एमसी6 बघ, तो यूसी6 पेक्षा स्पोर्टीकडे झुकतो. व्रेडेस्टाइनचं नावही दुकानात ऐकशील. कंपनी मूळची डच, 2009 पासून आपल्या अपोलोची आहे. मी स्वतः ते चालवलेले नाहीत, म्हणून त्यावर मत देत नाही.

ट्रॅकसाठीचे अर्धवट गुळगुळीत टायर मात्र डोक्यातून काढून टाक. ते तापल्यावर धरतात आणि खाचा कमी असतात. ऐरोलीच्या ऑफिसला जाता-येता ते कधी तापणार, आणि पाणी साचलं की काय करणार?

दुकानात टायरच्या बाजूला काही अंक आणि अक्षरं दिसतील, "ट्रेडवेअर 320, ट्रॅक्शन एए, टेंपरेचर ए" असं काहीतरी. ही अमेरिकेची पद्धत आहे. ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल त्याचा, आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला तो बरा, दोन कंपन्यांमध्ये फार विश्वासाचा नाही. ट्रॅक्शनचं अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत घसरताना किती धरतो ते सांगतं, वळणाबद्दल काही सांगत नाही. तरीही एए, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा, असेल तर मला बरं वाटतं, बीवर मी जाणार नाही.

आता 17 इंची अलॉय रिमचं. तुझा मोह कळतो, गाडी देखणी दिसते. 225/45 आर17 घातलेस तर चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो, मीटरही फारसा चुकणार नाही. पण टायरची भिंत 113 मिलिमीटरवरून 101 वर येते. हे बारा मिलिमीटर घोडबंदरवर फार महाग पडतात. मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून कासारवडवलीपर्यंतचा रस्ता कसा झालाय तू बघितलास. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, चाक दाणकन आत जातं, रिमची धार भिंत चेपते आणि आतले दोरे तुटतात. दुसऱ्या दिवशी बाजूला अंड्याएवढा फुगा येतो. तो टायर दुरुस्त होत नाही, फेकूनच द्यावा लागतो. ऑफिसातल्या एकाने एका पावसाळ्यात असे दोन टायर आणि एक रिम घालवली. 16 वरच राहा. पैसे रिमवर घालण्यापेक्षा रबरावर घाल.

मग तुझ्यासाठी काय? तू सोमवार ते शुक्रवार खारघर-ऐरोली करतोस, महिन्यातून एकदा माळशेज किंवा खोपोलीकडे जातोस, आणि मागे काकू बसतात, त्यांची कंबर दुखते. माझं मत यूसी6 किंवा प्रायमसी. एकटाच चालवत असतास तर मी डोळे मिटून पायलट स्पोर्ट सांगितले असते. पण काकूंना प्रत्येक सांध्यावर धक्का बसणार असेल तर तुझ्या वळणावरच्या आनंदात मला गोडी वाटत नाही. ब्रेकच्या बाबतीत या दोघांनी मला कधी कमी वाटू दिलेलं नाही, आणि ते मला सगळ्यात आधी हवं आहे.

घेताना तारीख नक्की बघ. बाजूला चार आकडे असतात, उदाहरणार्थ 0925 म्हणजे 2025 चा नववा आठवडा. चारही टायरांवर बघ, एकावर बघून समाधान मानू नकोस. बजेट दोनच टायरांचं असेल तर नवे मागे घाल. पुढची चाकं गाडी ओढतात म्हणून नवे पुढे, असं बरेच जण सांगतील. पण पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की सावरते. ओल्यात मागचं घसरलं तर गाडी गोल फिरते आणि तू मी दोघंही ती सावरू शकणार नाही. नव्या टायरवर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जपून चालव, वरचा गुळगुळीत थर निघायला तेवढे लागतात. आणि स्टेपनीची हवा बघ, ती सगळेच विसरतात.

शनिवारी सकाळी मी खारघरला येतो. खोली मोजायचं गेज माझ्याकडे आहे, ते घेऊन येतो. उत्सव चौकापाशी भेटू, आधी तुझे टायर मोजू, मग माझ्या गाडीत बसून तू एक फेरी मार, आणि नंतर दादाचीही मागवून घेतो. दोन्ही हातात घेतल्याशिवाय तू ठरवू नयेस असं मला वाटतं. तोपर्यंत पाऊस असेल तर खोपोलीचा बेत पुढे ढकल, हे मी हक्काने सांगतोय.

काकूंना माझा नमस्कार सांग. प्राजक्ताने त्यांच्यासाठी लिंबाचं गोड लोणचं बाजूला काढून ठेवलंय, तेही घेऊन येतो.

तुझा,
निखिल

ता. क. पत्र लिहून झाल्यावर खाली जाऊन माझेही मोजून आलो. पुढचे साडेपाच, मागचे सहा.