आजी-आजोबांच्या पायांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमच्या केंद्रात कायमच्या मुक्कामाला असलेल्या आजी-आजोबांपैकी बरेच जण अंथरुणावर किंवा व्हीलचेअरवर असतात, त्यांचं बीपी, शुगर, गोळ्या सगळं वेळच्या वेळी होतं पण पाय बघायचे राहून जातात. एकदा मोजे चढवले की आत काय चाललंय कोण बघतंय, आमच्याकडूनही हेच झालं.

एका आजींनी चालणंच सोडलं होतं. सगळे म्हणाले गुडघे गेले. मोजा काढला तर अंगठ्याचं नख मांसात रुतलेलं आणि बाजूला पू. विसरण्याच्या आजारामुळे त्यांना सांगता येत नव्हतं, नुसतं पाऊल टेकलं की रडायच्या. उपचार झाल्यावर हळूहळू चालायला लागल्या, पण इतके दिवस सोसलं त्याचं फार वाईट वाटतं.

वयानुसार पायाची नखं इतकी जाड होतात की साध्या नेलकटरमध्ये मावतच नाहीत. डायबेटिसने पाय बधिर झालेले असले तर जखम झालेली कळत नाही आणि रक्तपुरवठा कमी असेल तर ती लवकर भरतही नाही. झोपून असणाऱ्यांच्या टाचा गादीवर दबून काळ्या पडतात, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली की तो दाब जातो, म्हणून आम्हाला जास्तीच्या उशा हव्यात. शिवाय जाड नखांसाठीचे निपर, म्हणजे पक्कडीसारखे नेलकटर (प्रत्येकाचा वेगळा, नाहीतर बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे जाते), सैल इलॅस्टिकचे सुती मोजे, आणि मागून बंद, रुंद, वेल्क्रोचे, न घसरणारे बूट. सपाता कृपया देऊ नका, त्या पायातून निसटतात आणि माणूस पडतो.

वस्तूंपेक्षाही माणसं हवीत. आठवड्यातून एक तास या. कोमट पाण्याने पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, क्रीम लावायचं (बेचक्यांत नाही), टॉर्चने तळवे आणि टाचा बघायच्या आणि लालसर किंवा फोड दिसला तर लगेच सिस्टरांना सांगायचं, एवढंच काम, आम्ही शिकवू. डायबेटिसवाल्यांची नखं आणि कुरूपं मात्र जाणकारानेच हाताळायची, त्यामुळे कोणी डॉक्टर किंवा नर्स महिन्यातून एक दिवस देऊ शकत असतील तर फारच उपकार होतील.

पैसे द्यायचे असतील तर ऑफिसात द्या, पावती मिळेल, आणि त्यातून काय घेतलं ते पण सांगू. येणार असाल तर आधी कळवा म्हणजे आंघोळी आटोपल्यावरची वेळ देता येईल.