प्रबंधासोबत त्यामागचे सॉफ्टवेअरही जमा व्हावे

महोदय,

केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे १ जानेवारी २०२५ पासून देशातील ६,३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके वाचायला मिळू लागली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेचे मोल जिल्ह्याच्या गावी राहून संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला चांगलेच ठाऊक आहे. मात्र शोधनिबंध हाती आला, तरी त्यातील निष्कर्ष ज्या सॉफ्टवेअरच्या आधारे काढले ते पुष्कळदा हाती येत नाही. आपल्याच विद्यापीठांत तयार होणारे सॉफ्टवेअर तर कुठे ठेवले आहे, याचाही पत्ता लागत नाही. राज्यातील विद्यापीठांचे या उणिवेकडे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

संशोधनाचे सॉफ्टवेअर म्हणजे बाजारात विकत मिळणारी पॅकेजेस मला अभिप्रेत नाहीत. पावसाच्या नोंदींवरून धरणात येणाऱ्या पाण्याचा अंदाज बांधणारा, उपग्रहाच्या प्रतिमांमधून उसाखालचे क्षेत्र वेगळे काढणारा किंवा मराठी शब्दांतील प्रत्यय ओळखणारा जो प्रोग्राम विद्यार्थी तीन-चार वर्षे खपून स्वतः लिहितो, त्याविषयी मी बोलत आहे. आज अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्राइतकाच भूगोल, अर्थशास्त्र, कृषिविज्ञान आणि भाषाविज्ञान या विषयांतील संशोधनही अशा प्रोग्रामवर उभे असते.

पीएच.डी.च्या प्रबंधांची सोय आपल्याकडे उत्तम लागलेली आहे. पदवी जाहीर होण्यापूर्वी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे पाठवण्याचे बंधन विद्यापीठ अनुदान आयोगाने घातले आहे आणि गांधीनगरच्या या केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारात लाखो प्रबंध कोणालाही उघडून वाचता येतात. पण त्यातील संगणकीय कामाचा एखादा प्रबंध उघडून शेवटच्या परिशिष्टापर्यंत जावे. तिथे पानेच्या पाने कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, छापलेला असतो आणि तो पीडीएफमधून उचलून चालवायला घेतला की खरी अडचण कळते. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या मोकळ्या जागेला अर्थ असतो. नकल करताना तीच जागा नाहीशी होते. सरळ अवतरणचिन्हांची जागा वळणदार चिन्हांनी घेतलेली असते, लांब ओळी मधेच तुटतात, पानाचा क्रमांक कोडच्या दोन ओळींमध्ये येऊन बसतो. काही प्रबंधांत तर ही पाने स्कॅन केलेली असतात, म्हणजे अक्षरही उचलता येत नाही. हे सगळे हाताने दुरुस्त केले, तरी प्रोग्राम ज्या फाइली मागतो त्या मूळ संशोधकाच्या संगणकावरील डी ड्राइव्हमधल्या एखाद्या फोल्डरमध्ये असतात आणि पायथॉनची किंवा मॅटलॅबची कोणती आवृत्ती वापरली होती, याचा कुठेही उल्लेख नसतो. ‘कोड विनंतीनुसार उपलब्ध’ असे लिहून दिलेला ईमेल पत्ता संशोधकाने संस्था सोडली की बंद होतो. परिणामी त्याच विभागात, त्याच मार्गदर्शकाकडे आलेला पुढचा विद्यार्थी तेच काम पहिल्यापासून सुरू करतो. शिष्यवृत्तीचा पैसा आणि तरुणाची उमेदीची वर्षे दोन्ही अशा रीतीने पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी खर्च होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वाया जाणाऱ्या श्रमांइतकाच गंभीर प्रश्न निष्कर्षांच्या खरेपणाचा आहे. रेणूंची रचना ओळखण्याच्या एनएमआर पद्धतीसाठी लागणाऱ्या आकडेमोडीच्या काही पायथॉन स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये शोधनिबंधासोबत प्रसिद्ध केल्या आणि पुढे त्या अनेकांनी वापरल्या. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातील संशोधकांना दिसले, की त्याच स्क्रिप्ट आणि त्याच फाइली घेतल्या तरी विंडोजवर एक उत्तर येते, लिनक्सवर दुसरे आणि मॅकच्या एका नव्या आवृत्तीवर तिसरेच. फोल्डरमधल्या फाइली ठरावीक क्रमानेच मिळतील, असे त्या स्क्रिप्टमध्ये गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तो क्रम संगणकाच्या प्रणालीनुसार बदलत होता. फाइली आधी क्रमाने लावून घेतल्या की दोष दूर होत होता. स्क्रिप्ट सर्वांसमोर होती, म्हणून हा दोष सापडला. आपल्याकडील प्रबंधांमध्ये असे दोष असतीलच असे मी म्हणत नाही, पण असले तर ते कोणाला सापडण्याची सोय आज नाही.

ही सोय करायला फार खर्च येत नाही. युरोपातील सर्न ही संस्था २०१३ पासून ‘झेनोडो’ हे भांडार चालवते. कोणत्याही देशातील संशोधकाला तिथे सॉफ्टवेअर विनामूल्य ठेवता येते आणि त्याच्या प्रत्येक आवृत्तीला डीओआय हा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक मिळतो, त्यामुळे शोधनिबंधात नेमकी कोणती आवृत्ती वापरली हे सांगता येते. आपले बरेच विद्यार्थी कोड गिटहब या संकेतस्थळावर ठेवतात ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ती काम करण्याची जागा आहे, जतनाची हमी देणारी नव्हे. गूगलने आपली ‘गूगल कोड’ ही तशीच सेवा २०१६ च्या सुरुवातीला बंद केली, तेव्हा तिथला मजकूर वाचवण्याचे काम ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ या फ्रान्समधून चालणाऱ्या ना-नफा प्रकल्पाला हाती घ्यावे लागले. गिटहबवरील प्रत्येक नवी आवृत्ती आपोआप झेनोडोमध्ये जमा होईल अशी जोडणी उपलब्ध आहे, ती विद्यार्थ्यांना शिकवली पाहिजे.

परवान्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडे फारच गैरसमज आहे. कोड इंटरनेटवर ठेवला म्हणजे तो सर्वांना वापरायला मोकळा झाला, असे मार्गदर्शकांनाही वाटते. कायदा तसे म्हणत नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या व्याख्येनुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती आहे आणि तिच्यावरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. एमआयटी, अपाची किंवा जीपीएल यांसारखा मुक्त वापराचा कोणताही परवाना सोबत जोडलेला नसेल, तर समोर दिसणारा कोड बदलून घेण्याचा किंवा पुढे वाटण्याचा अधिकार दुसऱ्याला मिळत नाही. त्यातही नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडवर, वेगळा करार नसल्यास, पहिला हक्क नियोक्त्याचा असतो. प्राध्यापकाने लिहिलेला भाग, प्रकल्प साहाय्यकाने लिहिलेला भाग आणि विद्यार्थ्याने लिहिलेला भाग एकाच प्रोग्राममध्ये मिसळलेले असताना परवाना कोणी द्यायचा, हे विद्यापीठाने लेखी ठरवून दिले नाही, तर विद्यार्थी बिचारा काहीच न करणे पसंत करतो.

संशोधनातील विदा (डेटा) शोधता यावी, मिळवता यावी, इतर प्रणालींशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी, यासाठीची ‘फेअर’ तत्त्वे २०१६ मध्ये मांडली गेली आणि २०२२ मध्ये ती संशोधनाच्या सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्रपणे लिहिली गेली. हे आपल्याला जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांनी टिपलेली निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर इतर संशोधकांना खुली होतात. आणि त्या निरीक्षणांतून आकाशाची प्रतिमा तयार करण्यासाठी पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी लिहिलेली ‘कॅप्चर’ ही प्रणाली गिटहबवर, वापरण्याच्या सूचनांसह, सर्वांसाठी ठेवलेली आहे. तिची माहिती देणारा शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यामुळे ती वापरणाऱ्याला रीतसर संदर्भ देता येतो आणि लिहिणाऱ्यांना श्रेय मिळते. मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्प महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना मुक्त सॉफ्टवेअरचे शिक्षण गेली अनेक वर्षे देत आहे. शिकवणारी माणसे राज्यातच आहेत.

‘माझा कोड नीटनेटका नाही, तो लोकांना कसा दाखवू?’ हा संकोच मी अनेक संशोधकांकडून ऐकला आहे आणि तो मला समजतो. मार्च २०२० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने कोविडच्या प्रसाराचा जो अंदाज मांडला, त्यामागचा हजारो ओळींचा जुना प्रोग्राम तेव्हा खुला नव्हता आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. पुढे तो आवरून-सावरून खुला केल्यावर केंब्रिजमधील एका संशोधकाने तो स्वतः चालवला आणि अहवालातील निष्कर्ष पुन्हा मिळतात, असा निर्वाळा दिला. लोकांसमोर आल्यामुळे त्या कामाची बाजू बळकटच झाली. रुग्णांच्या किंवा कुटुंबांच्या खासगी माहितीवर काम करणाऱ्यांची अडचण वेगळी आणि खरी आहे. त्यांनी मूळ माहिती न देता कोड आणि सोबत बनावट आकड्यांची एक छोटी नमुना फाइल दिली तरी पुरेसे होईल. पेटंटचा अर्ज करायचा असेल, तर मुदत मागून घेता येईल.

माझी विनंती एवढीच आहे, की विद्या परिषदांनी येत्या शैक्षणिक वर्षापासून, प्रबंधात स्वतः लिहिलेला कोड वापरला असल्यास तो परवान्यासह आणि चालवण्याच्या सूचनांसह मान्य भांडारात जमा करणे व त्याचा डीओआय प्रबंधात छापणे आवश्यक करावे. इन्फ्लिबनेटने शोधगंगेतील नोंदीत या क्रमांकासाठी स्वतंत्र रकाना द्यावा. तपासणीचे काम परीक्षकांवर न टाकता विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे सोपवावे, कारण नोंदी आणि वर्गीकरण हे ग्रंथपालांचेच शास्त्र आहे. त्यासाठी त्यांना प्रशिक्षण आणि एखादे वाढीव पद द्यावे लागेल. आणि अनुदान आयोगाच्या अध्यापकांच्या नेमणुका व बढत्यांविषयीच्या २०१८ च्या नियमावलीतील संशोधनाच्या गुणतक्त्यात शोधनिबंध, पुस्तके, पेटंट, अगदी ई-कंटेंटलाही गुण आहेत, पण इतरांनी वापरलेल्या सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र गुण नाहीत. ते मिळेपर्यंत निदान विद्यापीठांनी आपल्या पुरस्कारांसाठी आणि संशोधन निधीच्या अर्जांसाठी असे काम ग्राह्य धरावे. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहण्याची गरज नाही.

आपला विश्वासू,
एक संशोधक वाचक, पुणे