मिऱ्या-नागपूर रस्त्याच्या या टोकावरून

रत्नागिरी,
रविवार, दुपार

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शि. सा. न.

आई, सुट्टीच्या दिवशी एकटी सायकल घेऊन कुठे फिरतेस, असं तू परवा फोनवर विचारलंस. मी दोन वाक्यांत सांगितलं, पण तुझं समाधान झालं नाही हे तुझ्या 'बरं' वरूनच कळलं. म्हणून आज सगळं नीट लिहिते. बाबांनाही यातलं बरंच काही आवडेल.

गावाच्या वायव्येला मिऱ्या नावाचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. त्याच्या पायथ्याच्या बंदरापासून जो राष्ट्रीय महामार्ग सुरू होतो, त्याला इथली माणसं 'मिऱ्या-नागपूर' म्हणतात. हातखंबा, पाली, साखरपा, मग आंबा घाट चढून कोल्हापूर. पुढे सांगली, मिरज, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा आणि शेवटी आपण. बदली होऊन आले तेव्हा एकही चेहरा ओळखीचा नव्हता, भाषा मराठीच पण तिचा हेल वेगळा. आणि अशात रिक्षावाला सहज म्हणतो, "ताई, नागपूर रस्त्यानं नेऊ का?" त्या दिवशी खोलीवर येऊन मी किती तरी वेळ नकाशा बघत बसले होते. महिन्याभरात जुनी, गिअरची सायकल घेतली.

बाबा, आपल्याकडे सायकल चालवणं आणि इथे चालवणं यात फार अंतर आहे. प्रतापनगरहून सीताबर्डीपर्यंत तुम्ही वर्षानुवर्षं गेलात, वाटेत चढ असा लागतच नाही. रविवारी मला अंबाझरीला न्यायचात, तिथून फुटाळ्याला. चढ अनुभवायचा तर मुद्दाम सेमिनरी हिल्सला जावं लागायचं. इथे सपाट रस्ता शोधावा लागतो. वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, आणि खाली खाडी. कुठल्याही दिशेला निघा, सड्यावरून उतरायचं, खाडीवरचा पूल ओलांडायचा आणि पुन्हा सड्यावर चढायचं. सह्याद्रीतून इकडे उतरणारी प्रत्येक नदी हा सडा कापत समुद्राकडे येते, म्हणून जमिनीची घडणच अशी. मोटारीत बसून हे समजत नाही. सायकलवर मांड्यांना समजतं. आता मला उतार लागला की खारट वास यायच्या आधीच कळतं, खाली पाणी आहे. चढ संपत आला की आंबा-काजूची झाडं विरळ होतात आणि एकदम आभाळ मोकळं होतं.

पावसाळा सरताना हा सडा बघायला हवा होता तुम्ही. एरवी काळा, तापलेला कातळ. पण श्रावण-भाद्रपदात त्याच्यावर बोटभर माती आणि पाणी साचतं आणि जांभळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, पिवळा कवळा, अशी फुलं पसरतात. आई, तू असतीस तर सायकल तिथेच टाकून खाली बसली असतीस. आता सगळं गवत पिवळं झालंय, आपल्या रानातल्यासारखं. याच कातळांवर हजारो वर्षांपूर्वी कुणी तरी चित्रं कोरून ठेवलीत, कातळशिल्पं म्हणतात त्यांना. उक्षीला एक मोठा हत्ती आहे. राजापूरच्या वाटेवर कशेळीला त्याहून कितीतरी मोठा, जवळजवळ १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात दुसरे प्राणी कोरलेले. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. उक्षीच्या हत्तीशेजारी मी उभी होते तेव्हा आसपास एकही माणूस नव्हता, नुसता वारा. कोरणाऱ्यानं एवढा हत्ती उभा राहून तर पाहिला नसेल, मग प्रमाण कसं साधलं असेल, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. बाबा, तुम्ही ड्रॉइंगची माणसं, तुम्हीच बघून सांगा.

वाऱ्याचं एक वेळापत्रक आहे, ते मला कोळी लोकांकडून कळलं. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो, त्याला मतलई म्हणतात. रात्री जमीन लवकर गार होते, पाणी उबदार राहतं, म्हणून. ऊन चढलं की जमीन तापते आणि वारा फिरतो, समुद्रावरून येतो. थंडीच्या दिवसांत तो बहुतेक वायव्येचा असतो. त्यामुळे मी सकाळी उत्तरेला जाते आणि दुपारी वारा पाठीशी घेऊन परतते. गणपतीपुळ्याला असंच जाते, शिरगाव, साखरतरचा पूल, काळबादेवी, मग आरे-वारे, नेवरे, भंडारपुळे. साधारण २५ किलोमीटर. आरे-वाऱ्याचा रस्ता डोंगराच्या कडेकडेनं जातो. एका वळणावर खाली दोन्ही किनारे आणि मधली खाडी एकदम दिसतात. तिथे मी दर खेपेला उतरते. पुढे मालगुंड, कवी केशवसुतांचं गाव. तिथे त्यांचं स्मारक आहे. आई, शाळेत तू त्यांच्या कविता शिकवायचीस ना? तुला तिथे न्यायचंच आहे.

आणि भरती-ओहोटी. हे तर तुझ्यासाठीच आहे, आई. इथले जुने लोक घड्याळ-तक्ता काही बघत नाहीत. तिथीची पाऊणपट करतात, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसा तशीच रात्रीही. आणि त्यापासून साधारण सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येतो, त्यामुळे हा हिशेब बसतो. थोडा इकडेतिकडे होतो, पण मी पडताळून पाहिलाय, कामाला येतो. म्हणजे तू स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून नागपुरातून मला सांगू शकतेस, "आज आठला पाणी ओसरलेलं असेल, जा." ओहोटीला ओली वाळू इतकी घट्ट होते की चाक रुतत नाही. भाट्याच्या किनाऱ्यावर मी अशी लांबवर जाते, डाव्या हाताला सुरुचं बन, उजवीकडे पाणी. घरी आल्यावर मात्र सायकल गोड्या पाण्यानं धुवावी लागते आणि चेनला तेल द्यावं लागतं, नाही तर खारी हवा दोन दिवसांत गंज चढवते. बाबा, रविवारी अंगणात सायकल उलटी करून तुम्ही करायचात ते सगळं मी करते. चिंधीनं चेन पुसायची तुमची पद्धतसुद्धा तशीच.

गावात फिरायलाही सायकलच बरी. जांभ्याच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जाणाऱ्या अरुंद गल्ल्या, माडांच्या सावल्या, मधेच पायऱ्यांच्या पाखाड्या, तिथे उतरून सायकल उचलायची. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे, कौलारू, साधं. पतितपावन मंदिर सावरकरांच्या पुढाकारानं आणि भागोजी कीरांच्या पैशानं १९३१ मध्ये उभं राहिलं. देवळात सगळ्या जातींना प्रवेश, हे तेव्हा किती मोठं होतं याची आज नुसती कल्पना करायची. मिरकरवाड्याला सकाळी होड्या लागतात तेव्हा बायका मासळीचा जो लिलाव करतात, त्यासमोर आपला कॉटन मार्केट शांत वाटेल.

पण मला सर्वांत जास्त रेंगाळायला होतं ते थिबा राजवाड्यावर. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला इथे आणून ठेवलं. हा तीन मजली वाडा १९१० च्या सुमारास पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. माघारी जाणं नशिबात नव्हतं. वाडा उंचावर आहे, पश्चिमेला भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. तो तिथे उभा राहून काय बघत असेल? बाबा, आपल्या नागपूरच्या महाल भागातून जाताना तुम्ही दर वेळी सांगायचात, भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये कसं खालसा झालं, राजवाड्यातलं सामान कसं लिलावात गेलं. थिब्याच्या वाड्यात मला तुमचाच आवाज ऐकू येत होता. तिथला चढ चांगला दमवणारा आहे, पण तिथे रिक्षा जाते.

आता आईच्या काळजीबद्दल. मी उजाडल्याशिवाय निघत नाही आणि दिवेलागणीला घरी असते. हेल्मेट असतं, मागचा लाल दिवा दिवसाही चालू असतो. हातखंब्याकडच्या महामार्गाला सायकल नेत नाही, तिथे रुंदीकरणाचं काम आणि अवजड गाड्या. गावागावांत आता ओळखी झाल्यात. काळबादेवीला एक आजी आहेत, मी दिसले नाही तर पुढच्या रविवारी विचारतात. पाणी देताना आधी गूळ हातावर ठेवतात, अगदी तुझ्यासारखं. मी परकी आहे असं आता इथे कुणी समजत नाही, आणि मलाही तसं वाटत नाही. हे सायकलमुळेच झालं. मोटारीतून गेले असते तर या आजी मला कधी भेटल्याच नसत्या.

बाबा, ताई म्हणाली की जिन्याखालची सायकल तुम्ही भंगारवाल्याला द्यायचं ठरवलंय. देऊ नका. गुडघ्याचं मला माहीत आहे, आणि आता उड्डाणपुलाखालच्या त्या गर्दीत तुम्ही चालवावी असं मलाही वाटत नाही. पण चालवायचीच नाही असं कुणी सांगितलंय? डॉक्टरांना एकदा सरळ विचारा. ते नको म्हणाले तर माझं काही म्हणणं नाही. ते हो म्हणाले तर सकाळी लवकर अंबाझरीच्या बांधापर्यंत तरी जात जा. ती सायकल चालवतच तुम्ही आम्हा दोघींची शिक्षणं केलीत. तिच्या दांड्यावर बसून मी अर्धं नागपूर पाहिलं. माझं हे सगळं फिरणं तिथूनच सुरू झालं आहे, बाबा. तुम्हाला हे कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून लिहिते.

आणि या दोघं. खरं तर या पत्राचं कारण तेच आहे. मी इतके दिवस जे रस्ते फिरतेय ते तुमच्या गुडघ्याच्या आणि आईच्या दम्याच्या हिशेबानं बघत फिरतेय. गणपतीपुळे, मालगुंड, पावसचं स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर, हे गाडी करून. रत्नदुर्गावर गाडी बरीच वरपर्यंत जाते, भगवतीचं देऊळ बघायचं आणि बसायचं. दीपगृहापर्यंत चालायची गरज नाही, खालून दिसतं. मात्र भाट्याचा पूल ओलांडल्यावर सुरुच्या बनापासून झरी विनायकापर्यंतचा तुकडा सपाट आहे. बाबा, तो तुमचा. कमी उंचीची, मागे बसता येण्याजोगी एक सायकल एकांकडे सांगून ठेवली आहे. आई बनात सावलीला बसेल, तिथे शहाळी मिळतात.

नागपूर-मडगाव विशेष गाडी इथे थांबते, एक रात्र गाडीत काढावी लागते. खालचे बर्थ मिळतील असं लवकर बघा. स्टेशन गावाबाहेर आहे, मी घ्यायला येईन. स्वेटर नकोत, इथे थंडी अशी पडत नाही, पण घाम येतो म्हणून सुती कपडे जास्त घ्या. येताना संत्री आणा, पेटी नको, उचलता येतील इतकीच. समोरच्या काकूंना द्यायची आहेत, त्यांनी मला सबंध पावसाळा घावनं खाऊ घातलीत. आणि हो, संध्याकाळी फोन करते तेव्हा तुमच्याकडे दिवे लागलेले असतात आणि इथे अजून ऊन असतं. ती वेळ तुम्हाला इथे फुकट मिळेल.

आई, तारीख तू काढ. पौर्णिमा किंवा अमावास्या झाल्यानंतरची द्वितीया-तृतीया धरायची. द्वितीयेची पाऊणपट दीड, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास, बाबांना चालवायला वाळू घट्ट आणि ऊन कोवळं. कॅलेंडर बघून डिसेंबर-जानेवारीतल्या दोन तारखा मला कळव, त्याप्रमाणे रजा टाकते.

तुमची,
धाकटी