जिवाणूंचं औषध आधी नवजात बाळांसाठी हवं

महोदय,

आतड्यांतल्या जिवाणूंपासून तयार होणाऱ्या औषधांबद्दल हल्ली खूप छापून येतं. वारंवार उलटणाऱ्या एका घातक जुलाबावर अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये अशी दोन औषधं मंजूर झाली. निरोगी दात्याच्या विष्ठेतून ती बनतात. मोठंच काम आहे ते. पण माझी सगळी नोकरी नवजात कक्षात गेली, त्यामुळं मला ओडिशातलं काम जास्त मोलाचं वाटतं आणि आपल्याकडं त्याची चर्चाच कमी होते, याची खंत वाटते.

डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशाच्या खेड्यांतल्या साडेचार हजारांवर नवजात बाळांवर चाचणी केली. निम्म्या बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हा जिवाणू आणि त्याचं खाद्य असलेली एक साखर सात दिवस तोंडावाटे दिली. उरलेल्यांना नुसती दिसायला तशीच, पण औषध नसलेली पुडी. जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. २०१७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. पिकानं रान धरलं की तणाला जागा उरत नाही, तसा हा जिवाणू आतड्यात आधी बस्तान बसवतो आणि घातक जंतूंना तिथून रक्तात शिरणं अवघड होतं, असं त्यामागचं शास्त्र आहे.

गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडची बाळं आमच्याकडं यायची ती बहुतेक उशिरानं. ‘कालपासून अंगावर ओढत नाही, निपचित पडलंय,’ एवढंच आई सांगायची. घरी कुणीतरी मध किंवा गुळाचं पाणी चाटवलेलं असायचं. रक्ताच्या कल्चरचा, म्हणजे रक्तात कोणता जंतू आहे त्या तपासणीचा, रिपोर्ट येईस्तोवर बाळ हातचं जायचं, आणि आला तरी नेहमीची दोन-तीन अँटिबायोटिक्स त्यात निकामी ठरलेली दिसायची. पुढच्या इंजेक्शनांचा खर्च ऐकून बाप भिंतीला टेकून खाली बसायचा. म्हणून आजारच टाळणारी स्वस्त पुडी मला फार महत्त्वाची वाटते.

मात्र कोणीही औषधाच्या दुकानातून प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवाणूंची, पुडी आणून बाळाला देऊ नये, हे हात जोडून सांगते. ओडिशातला जिवाणू ठरावीक वाणाचा होता आणि बाळं निरोगी, दोन किलो व त्याहून जास्त वजनाची होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अशी उत्पादनं देण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ मध्ये इशारा दिला. पुडीतलाच जिवाणू रक्तात जाऊन एक बाळ दगावलं होतं.

तेव्हा आपल्या जिल्ह्यात याची रीतसर चाचणी व्हावी. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचे बालरोगतज्ज्ञ आहेत, शिवाजी विद्यापीठाचा सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे, आणि मानवी शरीरातल्या जिवाणूंवर काम करणारी पुण्याची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था काही तासांच्या अंतरावर आहे. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जातातच. बाळावर लक्ष ठेवायला त्यांच्याइतकं जवळचं कुणी नाही. अर्थात, या जादा कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. पालकमंत्र्यांनी जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि सुरुवात गगनबावडा तालुक्यापासून करावी, अशी माझी मागणी आहे.

– एक निवृत्त परिचारिका, राजारामपुरी, कोल्हापूर