तुझा वाटा

नौपाडा, ठाणे
12 नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

सहा महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, तेव्हा शिव्या आधी देऊन घे. तब्येत ठीक, साखर होती तिथेच आहे.

पोराकडे मिनियापोलिसला जाऊन आलो. निघताना जे करून बसलो ते हिला सांगायची सोय नाही. तुला सांगतो, कारण मुरबाडच्या एसटीत माझ्या शेजारी तू होतास.

पोरगा शिकार करतो, बाळ्या! तलावपाळीवर मेलेला मासा तरंगताना पाहून दोन दिवस जेवला नव्हता, तोच. बाहेरच्या राज्यातल्यांना वायोमिंगमध्ये एल्क मारायचं परमिट सोडतीत मिळतं. यंदा याचा नंबर लागला आणि मलाही गाडीत घातलं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ. माझ्या डोक्यावर भडक केशरी टोपी, दुसऱ्या शिकाऱ्याने मलाच टिपू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी मादी पडली. गोळी कशी लागली विचारू नकोस, मी डोळे मिटले होते.

पण खरी मजा पुढेच. घर दीड हजार किलोमीटर लांब आणि मांस साठेक किलो. आधी घाईघाईने कातडं उतरवलं, कारण अंगातली ऊबच मांस नासवते. मग हाडं काढून सुती पिशव्या भरल्या आणि रात्रभर झाडाला टांगल्या, त्याही तंबूपासून लांब, कारण त्या रानात अस्वलं. मी म्हटलं, जांभळी नाक्यावरच्या मासळीसारखं बर्फात बुडव की! तर म्हणे, पाणी लागलं की मांस गेलंच. बर्फ बाटल्यांत गोठवलेला, मांसाच्या थंड पेटीचं तळाचं बूच उघडं, पाणी निथळून जावं म्हणून. डोकं आणि कणा तिथेच सोडायचा. हरणांना मेंदूचा एक रोग होतो, त्यामुळे अख्खं धड मिनेसोटात नेता येत नाही. आणि जनावर मादीच होतं याचा पुरावा म्हणून तिचा 'तो' भागही सोबत ठेवायचा. तू आत्ता दात काढतोयस. मीही काढले. पोरगा गंभीर.

वाटेत कोरडा बर्फ घेतला. उणे 78 अंश, हात लावायचा नाही. त्याचा वायू गाडीत कोंडला तर आपणच आडवे, म्हणून काचा खाली. अख्खं साउथ डकोटा मी माकडटोपीत पार केलं.

घरी पोराने वाटे पाडले. शिकारीचं मांस विकायला तिथे बंदी, म्हणून मित्रांना, शेजाऱ्यांना द्यायचं. ते वाटे बघताना तुझ्या मामाचं अंगण आठवलं. 1981. ते रानडुक्कर, आणि तुझ्या अण्णांची बाजाराची पिशवी. विनापरवाना शिकारीला बंदी घालणारा कायदा 1972 चा, पण मामाने ते आपल्या कानावर घातलं नव्हतं, आपणही विचारलं नव्हतं. पिशवी गळायला लागली आणि कंडक्टरने "ही कोणाची?" म्हणून विचारलं तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होतो, हे कबूल. पण पिशवी आणायची अक्कल तुझी, हे तूही एकदा कबूल कर.

तर म्हटलं, बाळ्याचा एक वाटा देणं लागतो. भारतात मांस आणायला आधी सरकारी परवाना लागतो, हे पोराने जेवताना दोनदा सांगितलं होतं. तरी निघायच्या रात्री फ्रीजरमधून किलोभराचं पाकीट काढलं, वर्तमानपत्रात बांधलं, टॉवेलात गुंडाळलं आणि बॅगेच्या तळाशी घातलं. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी!

सकाळी पोराने बॅग काट्यावर ठेवली आणि म्हणाला, "आता ठीक आहे, बाबा." मी 'आता' ऐकलंच नाही. मुंबईला कस्टमच्या ग्रीन चॅनलमधून जाताना मला इतका घाम फुटला की हिने विचारलं, छातीत दुखतंय का. घरी येऊन, ही आंघोळीला गेल्यावर टॉवेल उलगडला. आत माझ्या बीपीच्या गोळ्या. त्याच्या न्हाणीघरात विसरलो होतो त्या.

एक अक्षर बोलला नाही रे. दर रविवारी फोन येतो. पाऊस, थंडी, नातीची शाळा. गेल्या रविवारी म्हणाला, तुमचा वाटा फ्रीजरमध्ये राखून ठेवलाय. हसला की खोकला, कळलं नाही. मी नेटवर्कचं कारण सांगून फोन ठेवला.

अण्णा माळकरी. त्या रात्री त्यांनी पिशवी धुतली, दोरीवर वाळत घातली आणि सकाळी तीच घेऊन भाजीला गेले. तू महिनाभर म्हणत होतास, एक कानाखाली दिली असती तर सुटलो असतो. अण्णांजवळ तू पुढे कधी तो विषय काढलास का? मी तुला हे कधी विचारलंच नाही. काढला असशील तर काय म्हणालास, ते शब्दाला शब्द लिही. या रविवारी सकाळी नऊला त्याचा फोन येईल.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? धाकटीचं जमलं म्हणे, वहिनींना अभिनंदन सांग. दापोलीला येईन, रिकाम्या हाताने.

तुझा,
पक्या