‘नॉट डिटेक्टेड’वर जाऊ नका, ग्लायफोसेटची टेस्ट वेगळी असते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेरण्या उरकल्या की आमच्या ग्रुपवर तणनाशकावरून दरवर्षी वाजतं. एक जण टाकतो ग्लायफोसेटनं पोटातले चांगले जंतू मरतात, दुसरा लगेच टाकतो की ते मिठापेक्षा कमी विषारी आहे, कृषी केंद्रवाल्यानंच सांगितलंय. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण आपल्या शिवारात मोजून कुणी बघितलंय का, यावर ग्रुप गप्प.

मिठाचं म्हणाल तर ते एलडी-५० वरून आलंय. एका दमात किती पाजलं की निम्मे उंदीर मरतात तो आकडा, आणि त्या हिशोबानं मीठ खरंच जास्त विषारी निघतं. पण रोज कणाकणानं पोटात गेलं तर आतड्यात काय होतं हे त्या आकड्यातून कळायचं कसं?

ग्लायफोसेट झाडातलं ईपीएसपीएस नावाचं एन्झाइम बंद पाडतं, मग झाडाला काही अमिनो आम्लं बनवता येत नाहीत आणि ते वाळतं. माणसात हे एन्झाइम नाहीच, आपण ती आम्लं वरण-भाकरीतून घेतो, म्हणून कंपन्या म्हणतात बिनधास्त वापरा. पण आतड्यातल्या बॅक्टेरियांत ते असतं ना! फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या लोकांनी २०२० मध्ये जनुकं तपासून अंदाज काढला की आतड्यातल्या मुख्य प्रजातींपैकी ५४ टक्के ग्लायफोसेटपुढं टिकणाऱ्या नाहीत. हा कॉम्प्युटरवरचा हिशोब आहे, कुणाच्या पोटात बघितलेलं नाही. उलट डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी उंदरांना दोन आठवडे देऊन बघितलं, २०१८ ला छापून आलं, तर फार फरक दिसला नाही, कारण अन्नातली आम्लं आतड्यात आयती मिळतात, जंतूंना बनवायची गरजच पडत नाही. त्याच वर्षी टेक्सासच्या अभ्यासात मधमाश्यांच्या पोटातले उपयोगी जंतू मात्र कमी झालेले दिसले. म्हणजे निकाल लागलेला नाही, आणि ग्रुपवर तर लागणारच नाही.

आता खरी गोम. आपण तूर-सोयाबीन लॅबला पाठवतो, तिथं एका झटक्यात शे-दोनशे फवारणीची औषधं बघणारी टेस्ट असते, रिपोर्टवर सगळीकडं ‘नॉट डिटेक्टेड’ येतं की आपण खुश. त्या टेस्टमध्ये ग्लायफोसेट येतच नाही हो. ते पाण्यात इतकं विरघळतं की नेहमीच्या द्रावकात उतरत नाही, मागं पाण्यातच राहतं, त्याला वेगळ्या पद्धतीनं काढावं लागतं, मग एलसी-एमएस-एमएस नावाच्या मोजणीच्या मशीनवर चढवायचं, आणि त्याचे पैसे वेगळे. मला एका लॅबवाल्यानं तोंडावर सांगितलं, तुम्ही मागितलं नाही म्हणून आम्ही केलं नाही. बरं नुसतं ग्लायफोसेट बघूनही भागत नाही, जमिनीतले जंतू त्याचं अँपा करतात, तेही मोजायला पाहिजे. मात्र कपडे धुतात त्या ओढ्याला लागून असलेल्या विहिरीत अँपा सापडलं तर एकदम तणनाशकावर ढकलू नका, काही डिटर्जंटमधल्या फॉस्फोनेटपासूनही ते बनतं.

पाण्याच्या मर्यादेचा तर घोळच आहे. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या सरकारी मानकात ॲट्राझिन आहे, २,४-डी आहे, ब्युटाक्लोर आहे, ही सगळी तणनाशकंच, पण ग्लायफोसेट नाही. युरोपात एका लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम चालतं, अमेरिकेत ७००. सात हजार पटीचा फरक, आता आमच्या विहिरीला कुठला आकडा लावायचा? केंद्रानं ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढला की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं, पण बांधावर पंप घेऊन सालगडीच असतो, आणि चोर बिटीचं, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या विनापरवाना कापूस बियाण्याचं, तर सगळ्यांना माहितीय. शेतकऱ्याला तरी काय बोलणार, खुरपायला बाया मिळत नाहीत. आणि सोयाबीनमध्ये आपण जे इमॅझेथापायर तणनाशक मारतो ते वेगळ्या एन्झाइमवर चालतं, तेही माणसात नाही पण जंतूंत आहे, त्याच्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

माझं म्हणणं आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठानं एखादं मेडिकल कॉलेज सोबत घेऊन हे एकदा मोजावं. फवारणी करणाऱ्यांची लघवी आधी आणि फवारणी झाल्यावर एक-दोन दिवसांच्या आत घ्यावी, नंतर घेऊन उपयोग नाही, ते शरीरातून लवकर निघून जातं. विष्ठाही तपासावी, कारण गिळलेल्यातलं साधारण २० टक्केच रक्तात जातं, बाकीचं आतड्यातूनच बाहेर पडतं, म्हणजे जंतूंची गाठ त्याच्याशी जास्त पडते. आणि नुसती जंतूंची यादी काढून भागणार नाही. आमच्याकडं फवारणीच्या दिवसांतच श्रावण येतो, उपवास, साबुदाणा, भगर, त्यात पावसाळ्याच्या पाण्यानं जुलाब आणि त्यावर अँटिबायोटिक, एवढ्यानंच पोटातले जंतू बदलतात. म्हणून त्याच घरातला, तेच खाणारा, पण पंप न उचलणारा माणूस तुलनेला पाहिजे, नाहीतर तणनाशकाचं पाप साबुदाण्यावर जाईल किंवा साबुदाण्याचं तणनाशकावर.

हे व्हायला वेळ लागेल, पण तोवर तुमच्या बातमीदारांना एक काम सांगा. मराठवाड्यातल्या कुठल्या लॅबच्या एनएबीएल यादीत (लॅबला मान्यता मिळालेल्या टेस्टच्या यादीत) ग्लायफोसेट आणि अँपा आहे, एका नमुन्याला किती पैसे घेतात आणि नमुना कशात भरून द्यायचा, एवढं पेरणीआधी छापा.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक वाचक, जि. लातूर