ताई, ते चार बाय चारचे चौकोन दाखवल्याबद्दल

प्रिय ताई,

दिवाळीत तुम्ही घरी आला होतात, तेव्हा दोन संध्याकाळी माझ्या लॅपटॉपपुढे बसलात. निघायच्या दिवशी खाली रिक्षा उभी होती, त्यामुळे जिन्यातच घाईघाईने ‘थँक्यू’ म्हटलं गेलं. तेवढ्यावर भागणार नाही, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण खेळातल्या कपड्याचे रंग का बिघडतात, या ज्या प्रश्नावर मी तीन आठवडे अडले होते, तिथे आणखी कुणीतरी नक्की अडलेलं असणार.

द सिम्स ४ या कॉम्प्युटर गेमचं फॅशन स्ट्रीट किट, म्हणजे नव्या कपड्यांचा जोडसंच, २०२१ मध्ये आलं. ते मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून बेतलेलं. त्यातल्या एका टॉपला आपल्याकडचे रंग द्यावेत असं माझ्या मनात फार दिवस होतं. आजीची येवल्याची पैठणी समोर ठेवली होती: मोरपंखी अंग, राणी काठ आणि काठाच्या कडेला जरीची बारीक रेघ. कपड्याचा आकार तसाच ठेवून फक्त वरचं चित्र बदलायचं, एवढंच तर रिकलर! पण खेळात टॉप चढवला की राणी काठ मातकट दिसायचा, जरीची रेघ कुठे सोनेरी तर कुठे शेवाळी व्हायची आणि गळ्याभोवती पांढरी कड उमटायची. मला वाटत होतं माझे रंगच चुकताहेत. मी पुन्हा पुन्हा रंग बदलत राहिले.

तुम्ही रंगांबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. ‘ही फाइल यानंतर कोण उघडणार?’ एवढंच विचारलंत. मला प्रश्नच कळला नाही. मग तुम्ही माझं फोल्डर उघडलंत. त्यात एकाच टेक्स्चरच्या, म्हणजे कपड्यावर चढवायच्या चित्राच्या, अकरा जेपीजी होत्या. रोज रात्री सेव्ह करायची, दुसऱ्या दिवशी तीच उघडून पुढे रंगवायचं, असं माझं चाललं होतं.

चित्र ८००% मोठं करून तुम्ही जे दाखवलंत ते मी विसरणार नाही. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यातले बारीक फरक गाळते. शिवाय उजेड-अंधार पूर्ण बारकाव्याने ठेवला तरी रंगाची माहिती बऱ्याचदा निम्म्या रुंदीत आणि निम्म्या उंचीत साठवते. फोटोत ते डोळ्यांना कळत नाही. पण मोरपंखीला खेटून तीन पिक्सेलची बारीक रेघ असेल, तर दोन्ही रंग एकमेकांत उतरतात. आणि मी हे अकरा वेळा केलं होतं. पांढऱ्या कडेचं कारण तर त्याहून सोपं निघालं. जेपीजीत पारदर्शकता साठवायची सोयच नाही. टॉप कुठे संपतो आणि त्वचा कुठे सुरू होते हे सांगणारा अल्फा चॅनेल पहिल्याच रात्री गेला होता. नंतर मी तो हाताने खोडून परत आणायचा प्रयत्न करत होते आणि कडेला पांढरं उरत होतं.

तरीही तुम्ही जेपीजीला नावं ठेवली नाहीत, हे मला आवडलं. आजीच्या पैठणीचा फोनवर काढलेला फोटो तुम्ही तसाच राहू दिलात. तो फक्त बघायचा होता, म्हणून त्याला जेपीजी पुरेशी.

माझं म्हणणं होतं की जेपीजी लहान असते, खेळ जड होणार नाही. त्यावर तुम्ही कागदावर हिशेब मांडलात. माझं टेक्स्चर १०२४ बाय २०४८, म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल. काहीही न दाबता, म्हणजे माहिती आटोपशीर न करता, ठेवलं तर ८ एमबी. खेळांची टेक्स्चर दाबायच्या डीएक्सटी५ पद्धतीने दाबलं तर २ एमबी, आणि लांबून बघण्यासाठीच्या लहान लहान प्रती, म्हणजे मिपमॅप, धरून पावणेतीनच्या आत. चित्र आत घेताना सिम्स ४ स्टुडिओ, म्हणजे खेळासाठी असे कपडे बनवायचं सॉफ्टवेअर, ते स्वतःच दाबतो. मी ४०० केबीची जेपीजी दिली काय किंवा ३ एमबीची पीएनजी (काहीही न गाळता चित्र साठवणारी फाइल) दिली काय, खेळाच्या वाट्याला येणारं वजन तेच. म्हणजे मी राणी रंग घालवून काहीच वाचवत नव्हते. हे कळल्यावर मला खरंच वाईट वाटलं, आणि तुम्ही ते हसण्यावारी नेलं नाहीत.

मग ते चौकोन. डीएक्सटी५ चित्राचे ४ बाय ४ चे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनात रंगांसाठी दोनच मुख्य छटा ठेवते. त्या दोघींच्या मधल्या दोन छटा हिशेबाने काढल्या जातात. सोळा पिक्सेल, चार छटा, त्याही एकाच सरळ रेषेवरच्या. माझ्या काठाजवळ एकाच चौकोनात मोरपंखी, राणी आणि जरी असे तीन रंग येऊन बसले होते. तिघांपैकी एकाला हार मानावी लागायची आणि ती जरीच असायची. तुम्ही गिंपमध्ये (मी चित्र रंगवते ते सॉफ्टवेअर) चार पिक्सेलची जाळी चालू केलीत, जरीची रेघ तीनाऐवजी चार पिक्सेलची करायला लावलीत आणि ती जाळीच्या रेषेवर सरकवायला सांगितलीत. एवढ्यानेच जरी परत आली! लांबून, मिपमॅपमध्ये, ती अजूनही थोडी विरघळते; पण जवळून ती जरी दिसते.

गळ्याच्या कडेसाठी तुम्ही सगळ्यात खाली मोरपंखीचा एक सपाट लेयर टाकायला लावलात, कडेच्या बाहेरपर्यंत पसरलेला, आणि आकार फक्त अल्फाने कापायचा. पीएनजी काढताना ‘सेव्ह कलर व्हॅल्यूज फ्रॉम ट्रान्सपरंट पिक्सेल्स’ वर खूण करायची. नाहीतर दिसत नसलेल्या पिक्सेलखालचा रंग गायब होतो आणि चित्र लहान होताना तिथलं काळं-पांढरं कडेत मिसळतं. ही खूण मी इतके दिवस बघत होते आणि तिचा अर्थ मला ठाऊक नव्हता.

आता माझं काम असं चालतं. सिम्स ४ स्टुडिओतून मूळ चित्र पीएनजीत काढते, कारण डीडीएस (टेक्स्चर बहुधा दाबूनच ठेवणारी फाइल) दर वेळी उघडून, रंगवून परत दाबून ठेवली की दाबण्याचं नुकसान पुन्हा पुन्हा होतं. रंगकाम सगळं एक्ससीएफमध्ये, म्हणजे सगळे लेयर जपणाऱ्या गिंपच्या फाइलमध्ये: खाली घड्या आणि सावल्यांचा राखाडी लेयर, वर मल्टिप्लायमध्ये (खालच्या सावल्या दिसू देणाऱ्या पद्धतीत) रंग, काठ वेगळा. ही फाइल फक्त मी उघडते. शेवटी एकदाच पीएनजी, ती स्टुडिओला. नॉर्मल मॅपला हातही लावत नाही. त्यातले आकडे रंगाचे नसून पृष्ठभाग कुठे वळलाय त्याचे असतात, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. आणि तपासताना खेळातली ‘अनकंप्रेस्ड सिम टेक्स्चर्स’ (पात्रांची टेक्स्चर न दाबता दाखवणारी) ही सेटिंग बंद ठेवून बघते, कारण माझा टॉप घेणाऱ्या बऱ्याच जणांकडे ती बंदच असणार.

ताई, तुम्ही रोज हेच काम करता. सुट्टीत घरी आल्यावर पुन्हा कुणाचं टेक्स्चर बघावं लागणं किती कंटाळवाणं असेल, हे मला आता कळतं. तुम्ही माऊस माझ्या हातातून घेऊन दहा मिनिटांत टॉप करून दिला असतात. पण दोन्ही संध्याकाळी माऊस माझ्याच हातात राहिला. त्याबद्दल सगळ्यात जास्त आभार.

चार स्वॉच, म्हणजे टॉपचे रंगपर्याय, झालेत: मोरपंखी, चिंतामणी, अबोली, आमसुली. काल आजीला स्क्रीनवर दाखवले. तिने चष्मा पुसून नीट पाहिलं, काठावर बोट ठेवलं आणि म्हणाली, राणी अजून जरा गडद हवा. एक्ससीएफ उघडलीये, तेवढं करते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण
नाशिक